रेडिएशननंतरच्या आतड्यात विष्ठा-प्रत्यारोपण: एनिमा, कोलोनोस्कोपी की कॅप्सूल?

गर्भाशयमुखाच्या किंवा प्रोस्टेटच्या रेडिएशननंतर जुलाब थांबत नाहीत, पित्ताम्लं बांधणारं कोलेस्टायरमिन देऊन झालं, लहान आतड्यातली जिवाणूवाढ तपासून झाली. मग निरोगी दात्याची विष्ठा, म्हणजे तिच्यातले जिवाणू, पेशंटच्या आतड्यात सोडायचं ठरलं, तर प्रश्न उरतो मार्गाचा. तक्रार नुसती रक्ताची असेल तर या वाटेला जाऊच नये. फुटक्या केशिकांना सुक्रालफेटचा एनिमा किंवा आर्गॉन प्लाझ्माने डागणं लागतं. जिवाणू बदलून त्या बुजत नाहीत.

एनिमा स्वस्त, भूल नको, सगळं सोपं. पण अडतं ते गुदाशयावर. रेडिएशनने तो ताठ झालेला असतो, फुगत नाही. शंभर मिली आत गेले की कळ येते आणि पेशंट संडासाकडे धावतो. दोन तास आधी जुलाब रोखणाऱ्या लोपरामाइडच्या दोन गोळ्या दिल्या, डाव्या कुशीवर निजवलं, पायथा उंच केला, तरी निम्मं बाहेर. किती राहिलं हे मोजता येत नाही, त्यामुळे गुण आला नाही तर दोष दात्याचा की गळतीचा, तेही कळत नाही. आमच्या मते एनिमा इथेच बाद होतो.

कोलोनोस्कोपीने द्रावण थेट सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, सोडता येतं, ते टिकतंही बरं. मात्र सिग्मॉइड, म्हणजे गुदाशयाच्या वरचा आतड्याचा वळणदार भाग, चिकटून वाकलेला असतो. बारीक स्कोप घ्यावा, हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरावा, अडलं तर रेटू नये. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीची बायोप्सी तर नकोच. ती जखम नीट भरत नाही, फिस्टुला (शेजारच्या अवयवात उघडणारं भोक) होऊ शकतो.

कॅप्सूलला यातलं काहीच नाही. 2017 च्या कॅनडातल्या चाचणीत 40 कॅप्सूल कोलोनोस्कोपीच्या तोडीस तोड ठरल्या. अर्थात तो आजार क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल या जुलाब लावणाऱ्या जिवाणूचा होता. रेडिएशनसाठी मुळात विष्ठा-प्रत्यारोपणाचाच पुरावा अजून तोकडा आहे: 2020 च्या एका चिनी अभ्यासात पाच पेशंट, तिघांना गुण. साठवण उणे 80 अंशांवर हवी. एकदम सगळ्या बाहेर काढल्या तर कवच मऊ पडून चिकटतं, म्हणून थोड्या थोड्या काढाव्यात. (आत काय आहे हे कळूनही काही शाकाहारी पेशंट जिलेटिनवरच अडतात, त्यांच्यासाठी सेल्युलोजची कवचं मिळतात.) गिळताना ठसका लागणारे, उलट्या होणारे आणि आतडं अरुंद होऊन पोट फुगणारे पेशंट मात्र वगळावेत.

बाकीच्यांसाठी आमचा कल कॅप्सूलकडेच. फक्त 2019 विसरू नये: अमेरिकेत एकाच दात्याच्या कॅप्सूलमधून ईएसबीएल (अनेक प्रतिजैविकांना न जुमानणारा) ई. कोलाय दोन पेशंटांच्या रक्तात गेला, एक दगावला. दात्यांची ईएसबीएलसाठी तपासणी सुरू होण्याआधी भरलेल्या कॅप्सूल फ्रीझरमध्ये तशाच पडून होत्या. म्हणून बॅच भरल्याची तारीख आणि त्याच बॅचचा ईएसबीएल रिपोर्ट, दोन्ही हातात घेतल्याशिवाय डबी उघडू देऊ नये.