बिडाचा रेघांचा तवा, झुकिनी आणि ऊन फोडणी : ८ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये हा तवा घेतला. बिडाचा, चौकोनी, वर उभ्या रेघा असलेला. दुकानात त्याला ग्रिल पॅन म्हणतात. घेतला तो झुकिनीसाठीच, म्हणजे काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या कुळातली भाजी. आमच्या सांगलीत विश्रामबागला आता हिरवी आणि पिवळी दोन्ही मिळते, पण रस्सा केला की लगदा होतो आणि चव दुधीपेक्षा फिकी. भाजून बघायची होती.

पहिले काही आठवडे काही जमलं नाही. फाकांना मीठ-तेल लावून अर्धा तास मुरत ठेवायचे, तिथेच चुकत होतं. झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणी. मीठ लागलं की ते सुटतं आणि फाक भाजायच्या ऐवजी वाफेत शिजत बसते. आता वीतभर लांबीची कोवळीच घेते, कारण मोठीत बिया असतात आणि गर भुसभुशीत होतो. साल काढत नाही. बोटाच्या जाडीच्या उभ्या फाका, तेल तव्याला न लावता फाकांना चोळायचं आणि मीठ भाजून झाल्यावर. चिरताना टोकाचा तुकडा चाखून बघते. कडू लागली तर सगळी टाकून देते; दुधीसारखंच, तो कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही.

तवा मध्यम आचेवर ५-६ मिनिटं कोरडाच तापवायचा. पाण्याचा थेंब टाकला तर नाचत पळाला पाहिजे. फाक ठेवली की ३ मिनिटं हात लावायचा नाही. घाई केली तर रेघेला चिकटून फाटते, वेळ झाली की आपसूक सुटते.

पण खरी चव फोडणीची. कढल्यात २ मोठे चमचे शेंगदाणा तेल, मोहरी, मग ठेचलेला लसूण मंद आचेवर, कडा तांबूस होईपर्यंत. त्यात मूठभर तासगावचे बेदाणे. बेदाणा तेलात पडला की सुरकुत्या जाऊन टम्म फुगतो, पुन्हा द्राक्ष झाल्यासारखा. त्याच क्षणी गॅस बंद, कारण पुढे तो काळा आणि कडू होतो. उरलेल्या आचेवर चिमूटभर हळद आणि मिरचीपूड, मिनिटभर थांबून लिंबू, मीठ आणि जाडसर कूट. फाका तव्यावरून उतरल्या उतरल्या त्यांच्यावर ही ऊन फोडणी ओतायची. तेव्हा ती रेघांच्या चरांत मुरते. फाका गार झाल्यावर ओतली तर तेल ताटलीत वेगळं राहतं. ज्वारीच्या भाकरीबरोबर आमच्याकडे ही भाजी आता आठवड्यातून दोनदा होते.

एकदा भांडी वाचवायला फोडणी तव्यातच केली. लिंबाच्या आंबटाने तेलाचा बसलेला थर निघाला आणि भाजीला लोखंडी चव आली. पुन्हा तसं करणार नाही.

आता तक्रारी. ‘आधीच तेल मुरवलेला, लगेच वापरा’ असं सांगून विकला होता, ते खरं निघालं नाही. जुलैच्या पावसाळी हवेत दोन दिवसांत रेघांच्या मधे तांबडा गंज. दुकानात फोन केला तर बदलून देणार नाही म्हणाले. सासूबाईंनी तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाल्या, “अगं, भाकरीचा तवा आपण साबणात भिजत ठेवतो का? ह्यालाही तसाच जीव लाव.” काथ्याने घासला, गॅसवर कोरडा केला, तेलाचा पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवला. असं चार वेळा केल्यावर काळाभोर झाला आणि गंज परत आला नाही. आता धुतल्यावर लगेच गॅसवर वाळवते, ओला ठेवत नाही.

चौकोनी असल्यामुळे कोपऱ्यांना आच पोचत नाही, तिथल्या फाका मधे सरकवाव्या लागतात. धूर बराच होतो, खिडकी उघडी हवीच. आणि वजन! भरलेला तवा एका हाताने उचलत नाही. मनगट दुखत असेल त्यांनी याची लहान गोल जात बघावी. मी तर तो शेगडीवरून उतरवतच नाही, फाका चिमट्याने काढते.