फ्रान्स हाल्सच्या 'कॅथरिना हूफ्ट आणि तिची दाई'ची कॅनव्हास प्रिंट : लेस झकास, काळा रंग गेला

ऑनलाइन मागवली, 18 बाय 24 इंच, फ्रेमसकट. पॅकिंग चांगलं होतं, कोपरे शाबूत. ओरिजिनल सतराव्या शतकातल्या डच चित्रकार हाल्सचं, बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या संग्रहालयात आहे, 1619-20 च्या आसपासचं, तेही उंचीला मीटरभराच्या आतच, त्यामुळे ही साइज पुरते.

लेस बघा आधी. हाल्स म्हणजे भराभर फटकारे मारणारा माणूस, पण इथे पोरीच्या टोपीची नि कॉलरची जाळी, सोनेरी जरीच्या कापडावरची वेलबुट्टी अगदी निगुतीने काढलीय, कारण उघड आहे, घरचा पैसा त्या कापडातच दिसणार ना. कॅथरिना तेव्हा जेमतेम दीडेक वर्षाची, कपडे मात्र मोठ्या बाईचे (पुढे 1635 मध्ये हिचं लग्न झालं कॉर्नेलिस द ग्राफशी, तो नंतर ॲमस्टरडॅमचा महापौर). चेहरे सैल हाताने केलेत आणि म्हणूनच ते हसू आत्ता फुटल्यासारखं वाटतं. प्रिंटमध्येही हे सगळं आलंय.

हातात घुंगरांचा सोनेरी खुळखुळा आहे. तेव्हा तिकडे श्रीमंतांच्या पोरांच्या खुळखुळ्याला दात येताना चावायला पोवळं नाहीतर लांडग्याचा दात बसवायचे, शिवाय पोवळ्याने नजर लागत नाही अशी समजूत, म्हणजे आपली तीटच की. दाईच्या हातातल्या सफरचंदावरून काहीजण थेट ॲडम-ईव्हपर्यंत पोचतात, मला ते ओढूनताणून वाटतं. ती फळ देत होती, तेवढ्यात कुणीतरी आलं म्हणून दोघी आपल्याकडे बघतायत, बास. पोरीचा एक हात अजून दाईच्या छातीवरच आहे ते बघा.

आता वैताग. व्हॅन गॉगने पत्रात लिहिलंय की हाल्सकडे 27 काळे रंग असावेत. या प्रिंटमध्ये एकच आहे! दाईच्या बाहीच्या घड्या, कापडावरची चमक सगळं गायब, मागच्या अंधारात ड्रेस असा मिसळलाय की बाईचं डोकं आणि हात नुसते तरंगतायत. वर ग्लॉसी कोटिंग, ट्यूबलाइट लावली की पोरीच्या जागी ट्यूबच दिसते. सेलरला विचारलं तर म्हणे तुमच्या मोबाइलचं ब्राइटनेस तपासा, अहो भिंतीवरच्या चित्राला कसला आलाय ब्राइटनेस.

5 पैकी 3. घ्यायचीच तर मॅट पेपरची घ्या, आणि हाल्सच्या नावाने शोधू नका, सेलरच्या साइटवर हे 'मदर अँड चाइल्ड' म्हणून टाकलंय.