पेक्सची चित्रकार्डं: पावसाळ्यापासून आजवरचा अनुभव

ऑटिझम असलेल्या आमच्या चार वर्षांच्या मुलासाठी गेल्या पावसाळ्यापासून घरी पेक्स ही चित्रकार्डं देऊन संवाद साधायची पद्धत वापरतोय. बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं आणि वस्तू घ्यायची, हे तिचं मूळ. 1985 मध्ये अमेरिकेत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ही पद्धत तयार केली. आम्ही तयार संच घेतला नाही. झेरॉक्सच्या दुकानातून कार्डं लॅमिनेट करून घेतली, मागे वेल्क्रो चिकटवलं, झालं. कोपरे चावले जातात, त्यामुळे जादाच्या प्रती काढून ठेवा.

खर्च कमी, पण माणसं लागतात. पहिल्या टप्प्यात तर दोन. समोरचा वस्तू घेऊन बसतो, मागचा मुलाचा हात धरून कार्ड द्यायला लावतो. मागच्याने अवाक्षर काढायचं नाही. समोरच्यानेही ‘काय हवं?’ विचारायचं नाही, नाहीतर मूल प्रश्नाचीच वाट बघत बसतं. आमच्याकडे मागे सासूबाई. मुलाला शिकवणं सोपं, त्यांना गप्प बसवणं महाकठीण! ‘दे रे सोन्या, आईला दे’ हे सुटायचंच. शेवटी त्या तोंडात सुपारी धरून बसू लागल्या.

दुसऱ्या टप्प्यात अंतर वाढवतात. एकदा मी पोळ्या लाटत होते, तर हा बाहेरच्या खोलीतून चिक्कीचं कार्ड घेऊन आला आणि माझ्या पिठाच्या हातात कोंबलं. तिसऱ्यात मात्र चांगलेच अडकलो. दोन कार्डांतला फरक त्याला कळेना. मग चिक्कीशेजारी मोज्याचं कार्ड ठेवलं. मोजा दिलास? घे मोजा! एक-दोनदा चिडला, मग बघून उचलायला लागला.

‘चित्रं दिली तर बोलणारच नाही’ असं सगळ्यांनी ऐकवलं. संशोधनात तसं दिसत नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढतं. आमचा कार्ड देताना ‘चि’ म्हणतो, तेवढंच. बोलण्याची हमी म्हणून हे घेऊ नका. हात ओढून नेणं आणि डोकं आपटणं मात्र खूप कमी झालं.

बाहेर जाताना कार्डांच्या फाईलऐवजी मोबाईलवर जेलो हे चित्रांचं ॲप असतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ते फुकट आहे, मराठीतही आहे.

आधीच्या एका सेंटरमध्ये पालकांना दाराबाहेर बसवायचे, आत काय चालतं कळायचं नाही. ते सोडलं. आताच्या स्पीच थेरपिस्ट आम्हालाच शिकवतात आणि आमचे व्हिडिओ बघून चुका काढतात. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचा सल्लाही एकाने दिला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच ऑटिझमसाठी त्याची शिफारस करत नाही असं सांगितलंय, तेव्हा तिकडे फिरकू नका.

थेरपीच्या बिलांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघा, 1 लाखापर्यंतचा विमा मिळतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि पैसे आधी आपल्याच खिशातून जातात, म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवा.