गुरखा कॅम्परमधील आपत्कालीन सामग्री: सह्याद्री आणि स्पितीतील वापरानंतरचा अनुभव

फोर्स गुरखा या चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीच्या मागील भागात झोपण्यासाठी फळी, पाण्याची टाकी, छोटा ओटा आणि स्वतंत्र बॅटरी बसवून घेतली, त्याला आता सह्याद्रीतील एक पूर्ण पावसाळा आणि हिमालयातील एक मोसम उलटून गेला आहे. ही गाडी किती चढते आणि कशी उतरते याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्यामुळे मी येथे एवढाच विचार करणार आहे की, वस्तीपासून दूर रस्ता बंद झाला किंवा गाडी बंद पडली, तर मदत पोहोचेपर्यंत आतील माणसे दोन-तीन दिवस सुखरूप राहू शकतील का. इंजिन सुरू नसतानाही उपयोगी पडेल तेच आपत्कालीन साहित्य, ही कसोटी मी प्रत्येक वस्तूला लावली आणि अनुभवानंतर ती अधिकच पटली आहे.

ही चिंता कल्पनेतील नाही. जुलै २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशात झालेल्या अतिवृष्टीच्या वेळी स्पितीतील चंद्रताल या सरोवराजवळ अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फ आणि दरडींमुळे अनेक दिवस अडकले होते. तेथील उंची सुमारे ४,२५० मीटर आहे आणि मनालीहून काझा या स्पितीतील मुख्य गावापर्यंतच्या जवळजवळ २०० किलोमीटरच्या वाटेत मोठे गाव नाही. आम्ही पती-पत्नी ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच वाटेने गेलो, तेव्हा दरड कोसळल्यामुळे वाटेतील बातल या थांब्याच्या अलीकडे आम्हाला रात्र गाडीतच काढावी लागली. सामग्रीची खरी परीक्षा त्या रात्री झाली.

सर्वाधिक मोल ठरले ते डिझेलवर चालणाऱ्या हीटरचे. तो गाडीच्याच टाकीतील इंधन घेतो, ज्वलनासाठी लागणारी हवा बाहेरून ओढतो आणि धूर वेगळ्या नळीने बाहेर सोडतो, त्यामुळे आतील हवा दूषित होत नाही. उबेसाठी इंजिन चालू ठेवण्याच्या तुलनेत त्याला फार थोडे डिझेल लागते. मात्र उंचावर हवा विरळ असल्याने साध्या हीटरमध्ये इंधनाचे प्रमाण जास्त होते, ज्वलन अपुरे राहते आणि आत काजळी साचते. म्हणून उंचीनुसार इंधन कमी करण्याची सोय असलेलाच हीटर घ्यावा, हे माझे ठाम मत आहे. आमच्या हीटरमध्ये ती सोय आहे. तरीही परत आल्यावर ज्वलनकक्ष उघडला, तेव्हा त्यात काळ्या पापुद्र्यांचा पातळ थर आढळला. दर मोसमानंतर तो साफ करावा लागतो.

बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड हा थंडीपेक्षाही मोठा शत्रू आहे, कारण या वायूला रंग नाही आणि वासही नाही. बर्फात गाडी उभी असताना सायलेन्सरचे तोंड बुजले, तर धूर आत शिरू शकतो. आत शेगडी पेटवून झोपणे तर जीवघेणेच आहे. आम्ही उशाशी बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा सूचक लावला आहे. एकदा दार अर्धे बंद असताना ओट्यावर चहा ठेवला आणि थोड्याच वेळात तो वाजू लागला. संपूर्ण गाडीत इतक्या कमी पैशांत इतके मोठे संरक्षण देणारी दुसरी वस्तू नाही. त्याच्याच शेजारी सुक्या पावडरचे अग्निशामक नळकांडे आहे. ते झोपेतून उठताच हाताला लागले पाहिजे.

विजेसाठी १०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे साधारण सव्वा युनिट वीज. गाडी सुरू करण्याच्या बॅटरीपासून ती पूर्णपणे वेगळी असल्याने दिवे, पंखा आणि फ्रिज कितीही वापरले तरी इंजिन सुरू होण्याची हमी राहते. या प्रकारच्या बॅटरीची एक मर्यादा विक्रेते क्वचितच सांगतात: शून्य अंशाखाली ती वीज देते, परंतु त्या तापमानाला ती चार्ज केली तर कायमची खराब होते. त्यामुळे चांगल्या बॅटरीतील संरक्षक यंत्रणा अशा वेळी चार्जिंगच रोखते. त्या रात्री डिझेल वाचवण्यासाठी आम्ही पहाटेपूर्वी हीटर बंद केला होता. सकाळी सौर पॅनेलवर लख्ख ऊन होते, पण मीटरवर चार्जिंगचा आकडा शून्यावरच होता. हीटरने आतील हवा तापल्यावर बऱ्याच वेळाने तो हलला. थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी बॅटरी मागील दाराजवळ न ठेवता झोपण्याच्या फळीखाली, ऊब पोहोचेल अशा जागी बसवावी.

पाण्याचा हिशेब आम्ही माणशी रोज चार ते पाच लिटर असा धरतो. सर्व पाणी एकाच टाकीत ठेवत नाही, कारण एक नळी फुटली की सगळेच वाहून जाते. रात्री कॅन वरपर्यंत न भरता ते उलटे ठेवले, तर बर्फाचा थर बुडाकडे धरतो आणि सकाळी झाकणातून पाणी निघते. अन्नाच्या बाबतीत इंधनाशिवाय खाता येईल ते आधी भरावे. सातूचे पीठ थंड पाण्यात कालवून गुळाबरोबर खाल्ले की पोट भरते. त्याखेरीज भाजलेले शेंगदाणे, चिक्की आणि दशम्या. चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, म्हणून कुकरशिवाय भात धड शिजत नाही. ब्यूटेनचे डबे गोठणबिंदूच्या आसपास गॅस देईनासे होतात. प्रोपेन मिसळलेलेच डबे घ्यावेत.

अडकलेली गाडी काढण्यासाठी मी पुढील बाजूस विजेवर चालणारा विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, बसवला नाही. त्यासाठी लागणाऱ्या जाड लोखंडी बंपरला कायद्याचा अडसर आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच अशा लोखंडी बंपरांविरुद्ध (बुल बार) कारवाईचे निर्देश दिले होते. शिवाय बॅटरी संपल्यावर असा विंच निरुपयोगी ठरतो. त्याऐवजी हाताने चालवायचा विंच, ताणला जाणारा नायलॉनचा दोर, दोर गाडीला अडकवण्यासाठी दोरीचे शॅकल (कडे), चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या, फावडे आणि हवा भरण्याचा पंप एवढे घेतले. हाताचा विंच दमवतो, पण गाडी पुढे किंवा मागे, हव्या त्या दिशेने ओढता येते. प्रत्यक्षात ताम्हिणीच्या परिसरातील लाल चिखलात टायरमधील हवा कमी करून पट्ट्या घालणे बहुतेक वेळा पुरेसे झाले.

गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, येते आणि पाण्यातून जाण्याची तिची मर्यादा ७०० मिलिमीटर सांगितली जाते. हा आकडा संथ पाण्यासाठी समजावा. वाहते पाणी दोन फूट खोल असले तरी बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. स्पितीतील नाल्यांना बर्फ वितळल्यामुळे दुपारनंतर पाणी वाढते, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडावेत. सह्याद्रीत असे वेळापत्रक नाही. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खालच्या ओढ्यात केव्हा उतरेल ते सांगता येत नाही, अशा वेळी अलीकडच्या काठावर थांबणे हाच उपाय.

संपर्काबाबत मी असमाधानी आहे. मनाली-काझा वाटेवरील ग्राम्फू ते लोसर या पट्ट्यात मोबाइलवर विसंबून राहता येत नाही. परदेशात सर्रास वापरली जाणारी उपग्रह संदेशयंत्रे भारतात परवान्याशिवाय जवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकतो. अशा कारणांवरून परदेशी पर्यटकांवर कारवाई झाली आहे. त्यामुळे मार्ग, मुक्काम आणि कोणत्या वेळेनंतर शोध सुरू करावा हे घरी लिहून ठेवणे आणि वाटेतील पोलीस चौकीत नोंद करणे, हेच आमचे साधन आहे.

औषधांच्या पेटीत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जलसंजीवनी, रक्तस्राव थांबवणारी पट्टी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या गोळ्या आहेत. ऑक्सिजनचे हलके डबे काही मिनिटांत संपतात. विरळ हवेचा त्रास वाढला तर खाली उतरणे हाच खरा उपचार आहे.

रचनेविषयी शेवटची सूचना. पाणी आणि डिझेलचे जड कॅन टपावर ठेवू नयेत. वळणावर गाडी लगेच झुकते. ते तळाशी, मागील आसाच्या पुढे बांधावेत, आणि फावडे, पट्ट्या व दोर मागचे दार चिखलात रुतले तरी बाजूच्या दारातून काढता येतील अशा जागी ठेवावेत. आम्ही तशी फेररचना केली असून आता फक्त हीटरसाठी वेगळी पाच लिटरची टाकी बसवायची राहिली आहे, म्हणजे मुख्य टाकीतील शेवटचे डिझेल गाडी खाली आणण्यासाठी शिल्लक राहील.