पासष्ट चिंचोके आणि एक चुकलेलं चिन्ह

मे महिन्यात नववीतल्या लेकीला डोंबिवलीतल्या एका रविवारच्या गणितवर्गाला घातलं. सहा रविवार, फी १८०० रुपये. खाली तक्रारही आहे, म्हणून वर्गाचं नाव लिहीत नाही.

पहिल्या दिवशी पालकांना मागच्या बाकावर बसू देतात. सरांनी फळ्याला हात न लावता प्रत्येक बाकावर ६५ चिंचोके ठेवले. म्हणाले, सगळे वापरून दोन भरीव चौरस मांडा. आमची खटपट करत ७ बाय ७ आणि ४ बाय ४ वर आली. शेजारच्या मुलाने ८ बाय ८ मांडून उरलेला एक चिंचोका बाजूला ठेवला. एकट्या चिंचोक्याचा चौरस कसला, यावरून जुंपली! मग सर म्हणाले, ६५ म्हणजे ५ गुणिले १३. ५ म्हणजे १ अधिक ४, १३ म्हणजे ४ अधिक ९. तेव्हा कुठे फळ्यावर सूत्र आलं, दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो:

(अ²+ब²)(क²+ड²) = (अक−बड)² + (अड+बक)²

मधल्या चिन्हांची अदलाबदल केली की दुसरी जोडी मिळते, म्हणजे दोघांचंही बरोबर. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये याहूनही व्यापक रूप दिलंय म्हणे. बारावीपर्यंत गणित घेऊन मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता तक्रार. झेरॉक्स नोट्समध्ये दोन्ही कंसांत वजाच छापलंय. लेक घरी ५ आणि १३ घालून पाहते, तर उत्तर १७! दोन संध्याकाळी ती स्वतःचीच चूक शोधत बसली. सरांनी पुढच्या रविवारी चूक कबूल केली, पण नव्या प्रती काही आल्या नाहीत. एवढी फी घेता, तर एकदा तपासून छापा की.

तिसऱ्या रविवारी प्रश्न आला: तीन-तीन वर्गांच्या बेरजा गुणल्या तर असंच होतं का? ३ म्हणजे १+१+१, ५ म्हणजे ४+१+०, मग १५ चिंचोके तीन चौरसांत बसवा. आठवडाभर आमचं जेवणाचं टेबल अडलेलं. ९, ४ आणि १ मांडले की एक उरतोच. चार चौरस चालत असतील तर तोच उरलेला चिंचोका चौथा. चार वर्गांचं असंच सूत्र गणितज्ञ ऑयलरने १७४८ मध्ये गोल्डबाख या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रातून कळवलं होतं, हे सरांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं नाही, ते बरंच केलं.

शाळेचे मार्क वाढवायचे असतील तर इथे पाठवू नका. दिवाळीनंतरच्या बॅचला लेक पुन्हा जाणार आहे. नोट्स मात्र फळ्यावरून स्वतःच उतरवून घ्यायच्या, असं तिने ठरवलंय.