डब्यावर ७० ओहम, मीटरवर ३२: सोलापुरात हेडफोन घेताना झालेली फसवणूक

सेनहायझर कंपनीच्या एचडी २५ या हेडफोनची नक्कल सोलापुरात ओरिजिनल म्हणून विकली जातेय. मलाही तशीच विकली गेली. डबा, स्टिकर, सीरियल नंबर, आतलं माहितीपत्रक, सगळं हुबेहूब. डीजेच्या लाइनीत नवीन पोरं दरवर्षी उतरतात. घरचे कसेबसे पैसे उभे करून देतात आणि त्यातला मोठा हिस्सा असल्या मालात जातो, म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय.

मी लग्न-हळदीला डीजे वाजवतो आणि घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंग, मिक्सिंग (वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं) करतो. खरं तर या दोन कामांना दोन वेगळे हेडफोन लागतात. टॉपच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या, शेजारी उभं राहून पुढच्या गाण्याचा बीट जुळवायचा तर बाहेरचा आवाज अडवणारा, बंद पाठीचा हेडफोन हवा. मिक्सिंगला उघड्या पाठीचा बरा. त्यात आवाज मोकळा येतो आणि तासन्‌तास ऐकूनही कान कोंडल्यासारखे होत नाहीत. पण त्यातला आवाज बाहेर सांडतो, त्यामुळे गायकाच्या कानावर तो चढवला तर माइकमध्ये सगळं शिरतं. दोन्ही घ्यायची ऐपत नसली की बंद पाठीचा एकच घ्यावा लागतो. आपल्याकडचे बहुतेकजण तेच करतात.

एचडी २५ त्यासाठी नावाजलेला आहे. १९८८ मध्ये बाजारात आलेलं हे मॉडेल अजून चालू आहे. वजनाला केबल सोडून जेमतेम १४० ग्रॅम. एक कप मागे फिरवून एका कानाने ऐकता येतं. केबल, पॅड, पट्टी, ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर), सगळे भाग सुटे मिळतात. त्यामुळे केबल तुटली म्हणून हेडफोन टाकून द्यावा लागत नाही, दुरुस्त करत वर्षानुवर्षं वापरता येतो. नक्कल करणाऱ्यांनी हेच मॉडेल उचललं, कारण त्याच्या नावावर माणूस पटकन विश्वास टाकतो.

विकणारा साउंडचा माल पुरवणारा डीलर आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. “अण्णा, थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा माल आहे, डोळे झाकून न्या,” असं म्हणून त्याने डबा पुढे ठेवला. त्याची हुशारी किमतीत होती. अर्ध्या किमतीत दिला असता तर कुणालाही संशय आला असता. त्याने बाजारभावापेक्षा थोडेच पैसे कमी केले, ओळखीतल्या माणसाला दुकानदार करतो तेवढेच. ऐकून बघायला त्याने स्वतःच्या मोबाइलवरचं दणदणीत बेसचं रिमिक्स लावलं. रस्त्यावरच्या गर्दीत, शेजारी ॲम्प चालू असताना, असं गाणं कुठल्याही हेडफोनवर भारीच वाटतं. ती निवड त्याने मुद्दाम केली होती, हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

गड्ड्याच्या यात्रेसाठी एका मंडळाचं गाणं माझ्याकडे होतं. हलगी, संबळ, मागे समूहाचा आवाज. हलगी वाजवणारे काका आयुष्यभर हेच वाजवत आलेले. त्यांच्या हातात जी कडक थाप आहे ती पकडायची म्हणून मी माइक हलवून हलवून रेकॉर्डिंग केलं होतं. मिक्स करताना या हेडफोनवर हलगी सारखी दबलेली वाटायची आणि खालचा बेस घुमत राहायचा. म्हणून मी हलगीची धार तीन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात वाढवली आणि शंभर हर्ट्झच्या आसपासचा बेस कापला. मंडळाच्या टॉपवर गाणं लावलं तेव्हा हलगी कानात सुईसारखी घुसली आणि संबळाचा दणका पार गायब झाला. काका ऐकून म्हणाले, “ही माझी हलगी न्हाई.”

नकली हेडफोनचा धोका तिथे आहे. तो बंद पडला तर निदान कळतं तरी. पण त्याने बेस फुगवून आणि वरचे सूर दाबून दाखवले की आपण नसलेला दोष दुरुस्त करत बसतो आणि चांगलं वाजवलेलं बिघडवून लोकांपुढे ठेवतो. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. काकांच्या हातात काहीच कमी नव्हतं.

डीलरकडे गेलो तर त्याचं उत्तर तयार होतं. “नवीन आहे ना अण्णा, पन्नास तास वाजवा, मग खुलतो.” हे वाक्य नीट लक्षात ठेवा. लग्नात वाजवणारा माणूस पन्नास तास भरेपर्यंत बदलून द्यायची मुदत संपलेली असते, पॅड वापरलेले दिसतात, आणि मग “सील फुटलं, आता कंपनी घेत नाही” हे दुसरं वाक्य येतं. माझ्या बाबतीत अगदी याच क्रमाने आलं. नव्या हेडफोनचे पॅड वापराने थोडे मऊ होतात आणि आवाजात किंचित फरक पडतो, हे खरं. पण दबलेली हलगी त्याने वर येत नाही आणि दोन कानांतला फरकही मिटत नाही.

हो, दोन कानांत फरक होता. मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज जाईल असं करून, एकाच माणसाचा आवाज लावला की तो कपाळाच्या बरोबर मधोमध ऐकू यायला हवा. माझ्याकडच्या नगात तो एका बाजूला सरकायचा. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते. मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो चालू करायचं आणि नुसत्या बोलण्याचं रेकॉर्डिंग लावायचं.

खरा छडा मात्र मल्टिमीटरने लागला. मंडपाच्या वायरिंगवाल्याकडे असतो तो साधा मीटर पुरतो. हेडफोन कशालाही न जोडता जाड जॅकचा अडॅप्टर काढायचा आणि मीटर २०० ओहमवर लावायचा. जॅकवर दोन काळ्या रेघांनी तीन भाग झालेले असतात. टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची, मागचा भाग दोन्हींचा सामाईक. एक पिन मागच्या भागाला धरून दुसरी टोकाला आणि मग कडीला लावायची. एचडी २५ चा विजेला होणारा अडथळा कंपनी ७० ओहम सांगते. मीटरवर दिसतो तो नुसता डीसी रेझिस्टन्स, त्यामुळे आकडा थोडा इकडे तिकडे होतो. पण माझ्या नगाने ३२ च्या आसपास दाखवला. दोन बाजू एकमेकींशीही जुळत नव्हत्या. एका जुन्या डीजेमित्राचा ओरिजिनल लगेच मोजला, तो ७० च्या जवळ आला. साध्या मोबाइल हेडफोनचे ड्रायव्हर बहुधा १६ किंवा ३२ ओहमचे असतात. यात तसलेच बसवले असणार.

मग डबा पुन्हा काढून बघितला. बाहेरून आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यावर त्यातली नुसती एमआरपी होती. बिलावर मॉडेलचं नाव नाही, सीरियल नंबर नाही, “साउंड ॲक्सेसरीज” एवढंच. जीएसटी क्रमांकाची जागा कोरी. महाराष्ट्रातल्या दुकानाचा क्रमांक २७ ने सुरू होतो, एकूण १५ अक्षरांचा असतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. रोख दिले तर टॅक्स वाचेल, असंही डीलर म्हणाला होता. मी पैसे यूपीआयने दिले होते. तक्रारीत आता त्याच नोंदीचा आधार आहे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” असा शिक्का बघून गप्प बसू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

याच डीलरकडून पोरांना आणखी काय काय सांगितलं जातं तेही कळलं. एकाला म्हणाला, जास्त ओहम म्हणजे भारी क्वालिटी. बेयरडायनामिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये येतो. त्यातला २५० वाला छोट्या कंट्रोलरला (डीजेच्या गाणी मिसळायच्या यंत्राला) लावला तर आवाज कमी येतो आणि टॉपच्या आवाजात क्यू, म्हणजे हेडफोनवर आधी ऐकायचं पुढचं गाणं, नीट ऐकू येणार नाही. दुसऱ्याला ब्लूटूथचा हेडफोन “डीजेला पण चालतो” म्हणून दिला. ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज मागे पडतो. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ बीटच्या) गाण्यात एक बीट साधारण ४६९ मिलिसेकंदांचा, म्हणजे जुळवणी एक तृतीयांश ते जवळपास अर्ध्या बीटने चुकते. बिचारा पोरगा आपल्यालाच बीट मॅचिंग जमत नाही असं समजून बसला होता. त्याला वायरचा हेडफोन लावून दिला आणि त्याच संध्याकाळी त्याचे बीट बसायला लागले.

माझ्या तक्रारीनंतर डीलरने पैशांऐवजी दुसरा माल न्या म्हणून निरोप पाठवला. मी नकार दिला, पूर्ण रक्कम हवी आहे. काकांचं गाणं मित्राच्या ओरिजिनल हेडफोनवर पुन्हा मिक्स करून मंडळाला पाठवलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडे असा डबा असेल तर आधी वर सांगितल्याप्रमाणे मोजून बघा. आकडा तीसच्या घरात आला तर मीटरचा, डब्याच्या चारही बाजूंचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, आणि दुकानात जाण्याआधी १९१५ वर तक्रार नोंदवा.