रॅगडॉलसाठी स्टीलचा दुहेरी कंगवा

१९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे अ‍ॅन बेकर यांनी विकसित केलेल्या रॅगडॉल जातीचे मांजर उचलताच अंग सैल सोडते, त्यामुळे त्याला विंचरणे सोपे जाईल, हा माझा समज या कंगव्याने निम्माच खरा ठरवला. पाठीवरून रुंद दात सहज फिरतात. मात्र काखेत आणि कानांमागे, जिथे केसांच्या गाठी हमखास होतात, तिथे बारीक दातांची बाजू ओढ देते आणि आमचा बोका, एरवी कितीही गरीब असला तरी, शेपूट आपटू लागतो. गाठ आधी बोटांनी मोकळी करून मग रुंद बाजू फिरवली की काम होते. आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. मूठ मात्र ओल्या हातातून निसटते.